वीस मार्चच्या अंकातली जागा

बिरवाडी
१३ जानेवारी २०२५, पौष पौर्णिमा

चि. राजेंद्र,

जयभीम. तुझा पत्ता तुझ्या ऋतिकाने दिला. तिला बोलू नकोस, मी मागितला म्हणून दिला पोरीने. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. उचलला नाही की फोन वाजून गप्प होतो, कागद मात्र घरात पडून राहतो आणि कधी ना कधी माणूस तो वाचतोच.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला तू आलास, मागच्या रांगेत बसलास आणि जेवायला न थांबता गेलास. त्यानंतर आपली गाठ नाही. आज सकाळी विहारातून आले, पांढरं लुगडं अजून अंगावर आहे. मनात आलं, उद्यावर टाकलं तर हे पत्र होणार नाही.

कारण सांगते. गेल्या आठवड्यात पोलादपूरला वाडीवरचं घर झाडायला गेले होते. बाबांची ती रस्ता खात्याची हिरवी पेटी आठवते ना? आतल्या गोधड्यांना उन्ह द्यावं म्हणून उघडली. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. माझी सवय तुला ठाऊक आहे, मी कागद टाकत नाही. फडताळात घालायला होईल म्हणून तो ओढला, तर 'सावित्रीकाठ'चा अंक. वीस मार्च १९९७, चवदार तळे विशेषांक.

तो अंक तुला सांगायला नको. त्या दिवशी तळ्यावर येणारा प्रत्येक माणूस तो घ्यायचा, आणि आतली दोन पानं नुसती आपल्या लोकांच्या चौकटींनी भरलेली असायची. वर 'विनम्र अभिवादन', खाली घरातल्यांची नावं, त्याखाली गाव. बाबा दर वर्षी चौकट द्यायचे. घरी आणलेला अंक मी कधी नीट वाचला नाही. आपलंच नाव काय वाचायचं?

या वेळी वाचला. भिकाजी खांबे व परिवार. त्याखाली ओळीने भिकाजी, सौ. रखमा, आणि मग कोरं. मग सौ. मंजुळा, सुहास, चि. सार्थक.

आईच्या आणि माझ्या नावामध्ये एका नावापुरती जागा मोकळी आहे. अलीकडे स्वल्पविराम आहे, पलीकडेही आहे. मला आधी वाटलं उंदराने खाल्लं, पण कागद धड आहे. मग वाटलं शाई बसली नसेल. म्हणून पान उलटं करून बोट फिरवलं. तेव्हाची छपाई खिळ्यांची, अक्षर मागून हाताला लागतं. आईचं नाव लागतं, माझं लागतं. मधे कागद गुळगुळीत आहे. तिथे कधी अक्षर दाबलंच गेलं नाही.

ही जागा तुझी आहे हे मला कळतं. तुझं नाव गाळायचं होतं तर बाबांनी आईच्या नावाला लागून माझं घ्यायचं. चौकटीचे पैसे जागेवर असायचे. बाबा एक काडी दोनदा पेटवायला बघणारे, ते कोऱ्या जागेचे पैसे कशाला भरतील? मला हे सुटत नाही. तुला काही माहीत असेल तर लिही.

आणि यंदा वीस मार्चला ये. शर्मिलाला, ऋतिकाला घेऊन ये. हे सांगायलाच पत्र लिहायला बसले होते, कागदाचं मधेच निघालं.

तुझी ताई,
मंजुळा


बिरवाडी
२ फेब्रुवारी २०२५

चि. राजेंद्र,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पन्नास पैशात भागवलंस, तेवढं तरी बाबांचं घेतलंस. तुझी दोन वाक्यं मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. "मी निवडलेल्या नावाने बाबांनी मला एकदा तरी हाक मारली होती का? मारली असेल तर कळव, नसेल तर ताई, मला बोलावू नकोस."

बरं. म्हणजे मला काय शोधायचं आहे ते आता ठरलं.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. नाशिकला नोकरी लागल्यावर तू खोलीसाठी किती दारं फिरलास ते मला पत्रातून कळायचं. आडनाव विचारायचे आणि मग खोली कालच दिली म्हणायचे. तू महाडकर झालास, खोली मिळाली. त्यात चोरी नव्हती. पण बाबांना ते कळलं कसं, ते तू पाहिलं नाहीस. आंबेनळी घाटात दरड काढायचं काम चाललं होतं. साहेबाच्या जीपमधला मुंबईचा पेपर कोणीतरी वाचत होता, त्याने नाव बदलल्याची तुझी जाहिरात सगळ्या गँगसमोर मोठ्याने वाचली आणि म्हणाला, मुकादम, हा तुमचाच ना? बाबांनी मान हलवली आणि घमेलं उचललं. मुकादम असून दिवसभर घमेली वाहिली.

मग तू दिवाळीच्या सुट्टीत आलास तेव्हा जे झालं ते झालं. तू म्हणालास, गावाचंच नाव घेतलंय. बाबा म्हणाले, "ज्या गावच्या तळ्यावर आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली, त्या गावचं नाव घेऊन आपलं झाकलंस. नाव झाकून मिळते ती खोली नाय, बीळ हाय." मी तेव्हा माहेरी आले होते, पोळपाटाशी होते. तू पिशवी उचललीस ते मला दारातून दिसलं.

असो. गुरुवारी मी महाडला गेले. 'सावित्रीकाठ' बंद पडून बरीच वर्षं झाली असली तरी छापखाना आहे, आता लग्नपत्रिका आणि फलक छापतात. वीस मार्चचा अंक मात्र अजून काढतात. मालक वारले. त्यांच्या पत्नी जानकीबाई वरच्या मजल्यावर राहतात, मुलगा मंगेश खाली काम बघतो. म्हातारी ऐंशीच्या पुढे आहे पण जीभ धारेची. मी जुने अंक बघायचे आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, "माझ्याकडे पेपर वाचायला आता कोणी येत नाही गो. शेव बांधायला मागतात."

एकवीस सालच्या पुरात त्यांचा खालचा मजला बुडाला. जुने गठ्ठे फळ्यांवर होते, खालच्या फळ्यांचा लगदा झाला. वरचे वाचले. मधल्या फळीचे भिजले ते त्यांनी गच्चीत दोरीवर वाळवले, पण पानं एकमेकांना धरून बसली आहेत. मी जमिनीवर बसून वाचलेले सगळे बघितले. सगळ्यात जुना हाती लागला तो त्र्याण्णवचा, त्यात जागा आहे. चौऱ्याण्णवला आहे. शहाण्णवला आहे. दर वर्षी त्याच ठिकाणी, तेवढीच.

एक गंमत सांगते. शहाण्णव साली यांचं नाव 'सुहासिनी' छापलंय. सौ. मंजुळा, सुहासिनी, चि. सार्थक. मी घरी येऊन सांगितलं, तर म्हणतात, बघ, तुझ्या बापाने तेव्हाच माझा बदला घेतला. दोन दिवस आम्ही हसतोय.

जानकीबाईंना जागेबद्दल विचारलं. त्यांना फारसं आठवत नाही म्हणाल्या. मी परत जाणार आहे.

मंजुळा


बिरवाडी
१२ फेब्रुवारी २०२५, माघ पौर्णिमा

चि. राजेंद्र,

आज उपोसथ. शील घेताना मुसावाद वेरमणी, खोटं बोलणार नाही, म्हणताना माझी जीभ अडखळली, म्हणून आधी हे लिहिते. मागच्या पत्रात मी तुला सगळं लिहिलं नव्हतं.

जानकीबाईंना आठवत होतं. चांगलं आठवत होतं. त्या दिवशी त्या सुपारी कातरत म्हणाल्या होत्या, "तुझ्या बापाने नाव काढायला लावलं. ब्याण्णव साली. स्वतः येऊन." एवढं बोलून आत गेल्या, आणि मला पुढे विचारायचं बळ राहिलं नाही. मी गाडी धरून घरी आले. तुला लिहिलं नाही, कारण तू तिथेच वाचणं थांबवलं असतंस.

पण मला झोप लागेना. बाबा नाव काढायला सांगतील हे पटतं. मग जागा कोणी ठेवली? मालकांनी? ते कशाला ठेवतील? जे जुळत नाही ते मी सोडू शकत नाही, हा माझा स्वभाव यांना चांगला माहीत आहे. म्हणाले, जाऊन ये एकदा, नाहीतर आमटीत मीठ दोनदा पडतंय.

काल गेले. जानकीबाईंसाठी कोकमं घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, मागच्या वेळी अर्धं ऐकून पळालीस, आता बस. मग सांगितलं. ब्याण्णव सालच्या मार्चमध्ये बाबा छापखान्यात आले. मालकांनी मागच्या वर्षीची चौकट काढली. तेव्हा चौकटीचे खिळे सुतळीने बांधून तसेच ठेवायचे, दर वर्षी नव्याने जुळवायची कटकट नको म्हणून. बाबा म्हणाले, ह्यातलं राजेंद्र काढा. मालकांनी चिमट्याने अक्षरं उचलली आणि बाकीची नावं सरकवून जवळ आणायला लागले. तर बाबांनी त्यांचा हात धरला.

"नाव काढा म्हटलं," बाबा म्हणाले, "जागा कोणी काढायला सांगितली? जागा ऱ्हाऊ द्या."

मालक म्हणाले, भिकाजी, कोऱ्या जागेचे पण पैसे पडतात. बाबा म्हणाले, पडू देत. मग मालकांनी अक्षर नसलेले खिळे मोजून तेवढ्यात बसवले. जानकीबाई तिथेच चहा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या छापखान्यात चुकून जागा सुटायची, ते माहीत होतं. पैसे देऊन सोडून घेणारा तुझा बाप पहिला."

राजेंद्र, माझ्या मनाने ह्याचा अर्थ असा लावलाय. जुनं आडनाव तू टाकलंस म्हणून खांबे परिवारात ते तुझं नाव छापणार नाहीत. नवं त्यांच्या तोंडात येत नाही. पण मुलगा नाही असंही म्हणायचं नाही. तू पेपरातून कळवलंस, म्हणून तेही पेपरातूनच बोलत राहिले.

तरी तू जे विचारलंस त्याचं हे उत्तर नव्हे, हे मला समजतं. कोऱ्या जागेला हाक म्हणता येत नाही. मी तुला गोड लागावं म्हणून ओढून ताणून सांगणार नाही.

अजून अठ्ठ्याण्णव ते दोन हजारचा एक गठ्ठा आहे. तो पुरात भिजलेल्यातला. पाटासारखा घट्ट झालाय. मंगेश म्हणत होता, काकी, त्यातून काही निघायचं नाही, फाटेल. जानकीबाईंनी तो माझ्या पिशवीत घातला. म्हणाल्या, फाटला तर फाटला, नाहीतरी त्यात शेवसुद्धा बांधता येत नाही.

मंजुळा


बिरवाडी
२४ फेब्रुवारी २०२५

चि. राजेंद्र,

हे पत्र बसून वाच. शर्मिला जवळ असेल तर तिलाही बसव.

गठ्ठा कसा सोडवला ते आधी सांगते, कारण मला त्याचा थोडा अभिमान झालाय. पावसाळी हवेत फणसपोळ्या एकमेकींना चिकटतात तेव्हा आई काय करायची? ओढायची नाही. ओलसर फडकं वर टाकून ठेवायची, आणि कोपरा सुटला की झाडूची हीर आत सारून हळूहळू पुढे न्यायची. मी तेच केलं. रोज दुपारी, भांडी झाल्यावर. एका दुपारी दोन पानं सुटायची, कधी एकच. कुठे अक्षरं पलीकडच्या पानावर उलटी उमटली होती, कुठे भोक पडलं. यांनी भिंग आणून दिलं आणि शेजारी बसून सुहासिनी कुठे सापडते का बघत राहिले.

अठ्ठ्याण्णवला जागा आहे, नेहमीसारखी.

नव्व्याण्णवची चौकट शनिवारी सुटली. मी पहिल्यांदा वाचलं आणि भिंग यांच्या हातात दिलं, म्हटलं, मोठ्याने वाचा, माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. यांनी वाचलं.

"भिकाजी, सौ. रखमा, राजेंद्र महाडकर, सौ. मंजुळा, सुहास, चि. सार्थक."

बाकी कोणाच्या नावापुढे आडनाव नाही, फक्त तुझ्या आहे. आणि ते बारीक अक्षरात आहे, कारण जागा नुसत्या 'राजेंद्र'पुरती ठेवलेली होती. दोन्ही त्यात मावायला हवं म्हणून मालकांनी लहान खिळे घेतले असणार. मागून बोट फिरवलं. अक्षरं लागतात.

रविवारी पहिल्या गाडीने महाड गाठलं. जानकीबाईंची आंघोळ व्हायची होती, मी तशीच जिन्यात बसून राहिले. त्यांनी पान बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, त्या वर्षी तुझी आई आली होती बरोबर.

आई! आपली आई, जिला महाडच्या बाजाराची पण भीती वाटायची. बाबांनी नेहमीप्रमाणे पैसे काढले आणि म्हणाले, मागच्यासारखंच. तेव्हा आई दारातून बोलली. जानकीबाईंनी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "यंदा पोराचं नाव नाय छापलंत तर माझं बी काढा. दोन जागा ठेवा."

मालक हसले. बाबा हसले नाहीत. बाकावर बसले, वहाणा काढल्या, परत घातल्या. मग म्हणाले, छापा. मालकांनी खिळ्यांच्या खणात हात घातला आणि विचारलं, नुसतं राजेंद्र ना?

आता नीट वाच. आईने एवढंच मागितलं होतं, नुसतं राजेंद्र. मालकही तेवढंच म्हणाले. त्याच्यावर बाबा बोलले ते असं.

"नुसतं कशाला? म्हाडकर लावा. पोरगा ज्या नावानं ऱ्हातो ते लावा. नायतर वाचंल नि म्हणंल, हा दुसराच कोणी राजेंद्र आसंल."

तुझ्या पोस्टकार्डाचं उत्तर हे आहे. हाक मारली होती. तू निवडलेल्या नावाने मारली होती, आणि शेकडो लोकांच्या हातात जाईल अशी मारली होती.

पुढचंही सांगते, लपवत नाही. दोन हजार सालच्या अंकात परत जागा आहे. तिथून शेवटपर्यंत जागाच आहे. जानकीबाई म्हणाल्या, बाबा दोन हजारच्या मार्चमध्ये आले आणि म्हणाले, "आला नाय तो. पन जागा ऱ्हाऊ द्या." नव्व्याण्णवच्या वीस मार्चला ते सकाळपासून तळ्याच्या दाराशी अंक घेऊन उभे होते. जेवले नाहीत. मालकांनी दोनदा बोलावलं.

बाबांचा हिशेब साधा होता. वीस मार्चला आपला माणूस कुठेही असो, महाडला येतो. आला की अंक घेतो. अंक घेतला की आपल्या गावची चौकट शोधतो. तुला पत्र टाकावं असं त्यांच्या डोक्यात आलं नसेल असं नाही. पण नावावरून तुटलं होतं, ते चारचौघांत तुटलं होतं, मग जोडायचंही चारचौघांतच. एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही की तू त्या दिवशी महाडला येणंच सोडलं असशील.

पान मी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून ठेवलंय. टपालाने पाठवणार नाही. फाटेल.

मंजुळा


बिरवाडी
१५ मार्च २०२५

चि. राजेंद्र,

तुझं चार पानी पत्र आलं. पोस्टकार्ड पुरलं नाही ना या वेळी.

संध्याकाळच्या वंदनेच्या आधी वाचलं. मग त्रिशरण म्हणताना मधेच थांबले, पुढचं आठवेना. यांनी पुढचं म्हटलं आणि नंतर विचारलं, काय लिहिलंय त्याने? मी पत्र त्यांच्याकडे दिलं.

म्हणजे तू आला होतास.

मी लिहिलं की हाक तू नव्हतास तिथे मारली गेली. तसं नव्हतंच. नव्व्याण्णवला तू तळ्यापाशी होतास, ऋतिका खांद्यावर होती, अडीच-तीन वर्षांची. बाबा दाराशी उभे असलेले तू पाहिलेस. हातात घडी केलेला पेपर, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखून बघतायत. तुला वाटलं, हे मला शोधतायत, दिसलो तर सगळ्या समाजासमोर हाकलतील. तू मागच्या मागे वळून स्टँड गाठलास. आणि अंक घेतला नाहीस, कारण वर्तमानपत्राने एकदा तुमचं फाटलं होतं, परत हातात धरायचा नाही असं ठरवलं होतंस.

शोधत तर ते होतेच, राजेंद्र.

मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. तुला नाही, त्यांना नाही. तू लिहितोस, ताई, दहा पावलं पुढे गेलो असतो तर. तसं म्हणायचं झालं तर तेही पाटी घेऊन उभे राहिले असते तर. मी रात्रंदिवस हेच घोकलं आणि मग सोडलं. अनिच्चा वत सङ्खारा, सगळं अनित्य आहे, म्हणतो आपण माणूस गेल्यावर, ते नुसतं त्याच्यासाठी नसतं, मागे राहिलेल्यांनाही लागू आहे. मला फक्त एकाच गोष्टीचं बरं वाटतं. बाबांनी त्या दिवशी ऋतिकाला बघितलं असेल. गर्दीत एका पोराच्या खांद्यावरचं मूल कोणाला दिसत नाही? खाली कोण आहे ते नसेल दिसलं, पण पोर दिसली असेल. मी असंच धरून चालणार आहे.

आता भांडण. मंगळवारी मी चौकट द्यायला छापखान्यात गेले. बाबांनंतर आपल्या घराची चौकट बंदच होती, यंदा द्यायची असं मी ठरवलं. भिकाजी आणि रखमा यांच्या स्मृतीस, मग आपण सगळे. तुझं नाव कसं लावायचं ते तुला विचारल्याशिवाय लावायचं नाही म्हणून मी अडून बसले. तर जानकीबाई म्हणतात, तुझ्या भावाचा फोन आला होता काल. मला नाही, जानकीबाईंना! बहीण दहा-बारा दिवस हिरीने पानं सोडवते आणि भाऊ फोन करतो छापखान्यात. मंगेशही दात काढत होता. काय म्हणाला विचारलं, तर म्हातारी म्हणते, "मी येईपर्यंत पान बंद करू नका म्हणाला. नाव समोर उभा राहून सांगणार आहे. बापावर गेलाय, गो. ह्या घरातली माणसं नावासाठी स्वतः येतात." अठराच्या संध्याकाळपर्यंत पान थांबवून ठेवते म्हणाल्या. त्यानंतर मशीन चालू होईल.

तेव्हा अठराला दुपारपर्यंत पोहोचा. वीसला येऊ नका, त्या दिवशी गाड्या गावाबाहेर थांबवतात आणि शर्मिलाला चालवणार नाही. महाडला उतरू नका, बिरवाडीच्या फाट्यावर उतरा, हे घ्यायला येतील. रिक्षा करायची नाही, दुप्पट मागतात. सामान थोडं आणा, अंथरूण-पांघरूण आहे, वाडीवरच्या गोधड्या मी धुऊन वाळवून आणल्यात. ऋतिका उपासाचं काही खात नाही असं ऐकलं, बरं आहे, आमच्याकडेही नसतं. वाल भिजत घालते. तांदळाची भाकरी आणि सुकट तुला चालते का अजून, की नाशिकला सगळं सोडलंस?

वरची खोली भाडेकरू गेल्यापासून रिकामी होती, ती झाडायला घेतली. शेजारच्या ठकूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कंपनीत कामाला येणारी माणसं इथे भाड्याने राहतात, त्यामुळे नवीन कोण, कुठला, कुठल्या आडनावाचा, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळावं लागतं. कोण येणार आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ.

"तुम्हाला भाऊ हाय? कधी बोलला नायत. कुठले ते?"

मी केरसुणी थांबवली नाही. म्हटलं, इथलाच.

तुझी ताई,
मंजुळा